नियम शिपायाला, सवलत साहेबाला!

शिस्तीचा कस नियम लिहिताना लागत नाही. तो नियम कोणाकोणाला लावला जातो, यात लागतो. आपल्या देशातील कार्यालयांच्या पोशाखनियमांकडे या दृष्टीने पाहिले, तर जे चित्र दिसते ते शिस्तीचे नसून सोयीचे आहे.

८ डिसेंबर २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून आपल्या कर्मचाऱ्यांच्या पोशाखाविषयी सूचना दिल्या. जीन्स आणि टी-शर्ट वर्ज्य ठरले, चित्रविचित्र नक्षीचे कपडे नकोत असे बजावण्यात आले, स्लिपर घालण्यास मनाई झाली आणि आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, खादी वापरावी असा आग्रह धरला गेला. शासनदरबारी गाऱ्हाणे घेऊन येणाऱ्या नागरिकाला समोरचा कर्मचारी नीटनेटका दिसावा, ही अपेक्षा रास्तच होती. पुढे काय झाले? अवघ्या तीन महिन्यांनी, मार्च २०२१ मध्ये, जीन्सवरील बंदी मागे घेण्यात आली. टी-शर्टवरील मात्र कायम राहिली. डिसेंबरात अशोभनीय असलेले वस्त्र मार्चमध्ये शोभनीय कसे झाले?

त्याहून मोठी विसंगती त्या परिपत्रकाच्या पोटातच होती. महिलांसाठी साडी व सलवार-कुर्ता सांगितला होता. पुरुषांसाठी मात्र शर्ट आणि पँट! धोतर नाही, सदरा-लेंगा नाही. मंत्रालयात मंत्रिमहोदय कुर्ता-पायजम्यात दिवसभर वावरतात आणि त्यांच्या पदाची प्रतिष्ठा तसूभरही कमी होत नाही. मग तोच पोशाख त्यांच्या दालनाबाहेर बसलेल्या लिपिकाने घातला, तर तो नियमात बसवायचा कुठे? खासगी कंपन्यांतही निराळे काही नाही. प्रवेशद्वारावरचा रखवालदार भर उन्हाळ्यात गळ्यापर्यंत गुंड्या लावून उभा असतो, आणि ज्याने तो नियम केला ते साहेब हवे ते घालून त्याच्यासमोरून आत जातात. जो नियम केवळ खालच्या पायरीवर चालतो, त्याला शिस्त म्हणत नाहीत. त्याला धाक म्हणतात.

या विकृतीचे मूळ वसाहतकाळात आहे. ‘सभ्य’ म्हणजे साहेबासारखा, हे समीकरण गोरा साहेब गेल्यावरही काळ्या साहेबांनी जिवापाड जपले. जुलै २०१४ मध्ये चेन्नईच्या चेपॉक येथील क्रिकेट क्लबमध्ये पुस्तक प्रकाशनासाठी गेलेले मद्रास उच्च न्यायालयाचे विद्यमान न्यायमूर्ती डी. हरिपरंथामन यांना दारातूनच परत पाठवण्यात आले. अपराध काय? त्यांनी वेष्टी नेसली होती! स्वातंत्र्यानंतर ६७ वर्षांनी, स्वतःच्याच प्रांतात, स्वतःच्याच पूर्वजांचा पोशाख गुन्हा ठरला. तमिळनाडू विधानसभेने पुढच्याच महिन्यात कायदा करून अशा बंदीला एक वर्षापर्यंत कैद आणि २५ हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. जे समाजाच्या स्वाभिमानाने व्हायला हवे होते, ते कायद्याला करावे लागले, हीच खरी शोकांतिका!

आता याच नाण्याची दुसरी बाजू पाहा. मे २०२३ मध्ये तुळजापूरच्या भवानीमातेच्या मंदिरात शालीन पोशाखाचे आवाहन करणारे फलक लागताच तथाकथित पुरोगाम्यांनी आकाशपाताळ एक केले आणि फलक उतरवावे लागले. क्लबच्या दारातील अटी मात्र याच मंडळींना ‘संस्थेची परंपरा’ वाटतात. आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे!

नियमच नसताना तो चालवण्याचा प्रकार तर याहून संतापजनक आहे. एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटकातील बीदर येथे सामायिक प्रवेश परीक्षेला आलेल्या विद्यार्थ्याला जानवे काढण्यास सांगण्यात आले. त्याने नकार दिल्याने त्याचा गणिताचा पेपर हुकला. जानवे काढावे असा आदेशच नव्हता, हे नंतर स्पष्ट झाले. संबंधितांवर कारवाई झाली, पण दारावरच्या माणसाला हा अधिकार दिला कोणी?

हा प्रश्न केवळ हिंदूंचा नाही. ब्रिटिश एअरवेजमध्ये शीख कर्मचाऱ्यांना पगडीची आणि मुस्लिम महिलांना हिजाबची मुभा होती. मात्र २००६ मध्ये एका ख्रिस्ती कर्मचारी महिलेला गळ्यातील छोटा क्रूस दिसतो म्हणून घरी पाठवण्यात आले. २००७ मध्ये कंपनीला नियम बदलावा लागला आणि २०१३ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्या महिलेच्या बाजूने निकाल दिला. एकाला मुभा आणि दुसऱ्याला मनाई, हा न्याय कोणत्याही पंथाच्या माणसावर झाला तरी अन्यायच असतो.

गणवेशाला विरोध करण्याचा प्रश्नच नाही. गणवेशाचे मोल संघ स्वयंसेवकाइतके कोणाला ठाऊक? मार्च २०१६ मध्ये नागौरच्या प्रतिनिधी सभेत खाकी अर्ध्या चड्डीऐवजी तपकिरी पूर्ण विजार घेण्याचा निर्णय झाला आणि त्याच वर्षीच्या विजयादशमीला तो अमलात आला. सरसंघचालकांपासून कालच शाखेत आलेल्या तरुणापर्यंत सर्वांसाठी एकच गणवेश! समतेची भाषणे न करताही समता कशी आचरावी, याचा हा वस्तुपाठ आहे.

कार्यालयांकडून अपेक्षा एवढीच आहे. नियम लेखी असावा. त्यामागे स्वच्छता, सुरक्षितता किंवा ओळख यांसारखे सांगता येण्याजोगे कारण असावे. या मातीतील वस्त्रांना त्यात पहिला मान असावा, आणि वरिष्ठापासून शिपायापर्यंत तो सारखाच लागू असावा. ज्या अधिकाऱ्याला तो स्वतः पाळता येत नाही, त्याने तो दुसऱ्यावर लादू नये. कारण खालचे लोक वरच्यांचे परिपत्रक वाचत नाहीत. ते त्यांचे आचरण वाचतात!