वाचनालयाला कुलूप नको



परवा वर्गात एका मुलाने मला विचारले, "सर, सगळी माहिती मोबाइलवर मिळते. मग वाचनालय कशाला हवे?" प्रश्न चांगला होता. माझे उत्तर येथे देतो. ते पटते का, हे तुम्हीच ठरवा.

पिंपरीत १९५४ साली पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला. पुढे चिंचवड, भोसरी, चाकण येथे कारखाने वाढत गेले. मराठवाड्यातून, उत्तर प्रदेशातून, बिहारमधून माणसे पोटासाठी येथे आली. त्यांतील अनेकांची घरे एका खोलीची आहेत. रात्रपाळी करून आलेले अब्बा झोपलेले असतात. शेजारीच अम्मीचा स्वयंपाक चालू असतो. अशा घरातील मुलीने दहावीचा अभ्यास कोठे करावा? मोबाइल तिला शांत जागा देऊ शकत नाही. शिवाय घरातला एकुलता मोबाइल अब्बांबरोबर कामावर जातो!

म्हणून वाचनालय हवे. त्याला आपण उर्दूत कुतुबखाना म्हणतो. पण नुसती इमारत पुरेशी नाही. एका संध्याकाळी मी एका वाचनालयात गेलो. समोर कामगार कंपनीच्या बसमधून उतरत होते आणि नेमके त्याच वेळी दाराला कुलूप लागत होते. मग ती पुस्तके कोणासाठी?

डॉ. रंगनाथन हे गणित शिकवत असत. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. आरंभी त्यांना हे काम कंटाळवाणे वाटले. पण इंग्लंडमधील ग्रंथालये पाहिल्यावर त्यांचे मत बदलले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाची पाच सूत्रे मांडली. पहिल्या सूत्राचा अर्थ असा, की पुस्तक वापरासाठी असते, कुलपात जपण्यासाठी नव्हे. त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, आपल्या देशात ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो.

यापुढे ग्रंथपालाचे काम वाढणार आहे. शिष्यवृत्तीचा किंवा आयटीआयचा अर्ज कसा भरावा, मोबाइलवर आलेली बातमी खरी की खोटी हे कसे तपासावे, हे त्यांनी लोकांना दाखवावे. मराठी, उर्दू व हिंदी पुस्तके एका छताखाली ठेवावीत. कोणी म्हणेल, यासाठी पैसा कोठून आणायचा? महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. सरकार अनुदानही देते. तरी अनेक ठिकाणी कर्मचाऱ्यांचे मानधन तुटपुंजे आहे. तेवढ्या पैशात रात्री नऊपर्यंत दार उघडे ठेवा, असे त्यांना कोणत्या तोंडाने सांगावे? आधी त्यांना योग्य वेतन मिळाले पाहिजे.

मित्रांनो, तुम्हीही एक काम करा. या आठवड्यात जवळच्या वाचनालयात जा. सभासद व्हा. हवे ते पुस्तक नसेल, तर तशी लेखी मागणी करा. वाचकच आले नाहीत, तर कुलूप उघडा असे सांगण्याचा हक्क आपल्याला कसा राहील?