ढाकावरचे पीस कोणाचे?

दुर्गापूजा दोन-तीन दिवसांवर आली की कोलकात्याच्या सियालदह स्थानकाबाहेर ढाकांचा नुसता गजर सुरू होतो. मुर्शिदाबाद, नदियासारख्या जिल्ह्यांतून ढाकी गाडीने येथे उतरतात. पूजा मंडळांची माणसे येतात, वाजवणे ऐकतात, बिदागीची घासाघीस करतात आणि पसंत पडलेल्या ढाक्याला घेऊन जातात. ढाक जितका सजलेला, तितके गिऱ्हाईक लवकर मिळणार, असा हिशेब. म्हणून ढाकाच्या टोकाला पांढऱ्या पिसांचा डौलदार तुरा लावण्याची जुनी चाल आहे.

ही पिसे येतात कोठून? काही कोंबडी-बदकांची असतात. पण बऱ्याचदा ती बगळ्यांची आणि मुग्धबलाक करकोच्यांची असतात. हे पक्षी १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत.

मग ओळखायचे कसे? कोंबडीचे अंगावरचे पीस आखूड व टोकाला गोलसर असते. ते उलटून पाहावे. बुडाशी, मुख्य पिसाला चिकटूनच, दुसरे छोटे मऊ पीस दिसते. टर्की कोंबड्याच्या पिसातही हे जोडपीस ठळक असते. अमेरिकेतल्या रानटी टर्कीचे अंगावरचे पीस तर रुंद, टोकाला कापल्यासारखे आणि तांब्यासारखे चमकणारे असते. बगळ्याचा तुरा अगदी वेगळा. दांडी लांब आणि तंतू सुटे-सुटे, केसांसारखे भुरभुरणारे. मुग्धबलाकाच्या पंखाची मोठी पिसे काळी, किंचित चमकदार असतात.

साधे पांढरे पीस असेल, तर मात्र नुसत्या डोळ्यांनी भागत नाही. पिसाच्या बुडाच्या लवेतले तंतू सूक्ष्मदर्शकाखाली धरले की त्यांवरच्या गाठींच्या आकारावरून पक्ष्याचे कुळ कळते. १९६०मध्ये बोस्टन येथे विमान कोसळून ६२ माणसे दगावली, तेव्हा इंजिनात सापडलेल्या पिसांवरून रॉक्सी लेबोर्न या अमेरिकी विदुषीने स्टारलिंग पक्ष्यांचा थवा ओळखला. या विद्येची सुरुवात तिथून झाली. कोलकात्यातच मुख्यालय असलेली, १९१६मध्ये स्थापन झालेली भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था जप्त केलेल्या वन्यजीवांच्या अवशेषांची ओळख पटवण्याचे काम करते.

एवढी उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. पण बगळ्याचे ते नाजूक तुरे फक्त विणीच्या हंगामातच फुटतात. तुऱ्यासाठी पक्षी मारला की घरट्यातली पिल्लेही उपाशी मरतात. युरोपातल्या बायकांच्या टोप्यांसाठी हेच चालले होते, म्हणून १९०२मध्ये हिंदुस्थान सरकारने पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली. मुग्धबलाकही पावसाळ्यात, म्हणजे पूजेच्या तोंडावरच, वीण घालतो. रायगंजच्या कुलिक अभयारण्यात त्याची मोठी वसाहत आहे.

दोष गरीब ढाक्याच्या माथी मारणे सोपे आहे. त्याची बरीचशी वर्षाची कमाई या चार-पाच दिवसांवर असते. गिऱ्हाईक तुरा बघते, म्हणून तो तुरा लावतो. अलीकडच्या वर्षांत वनखाते आणि पक्षीमित्र सियालदहला जाऊन ढाक्यांना समजावतात, खऱ्या पिसांऐवजी कृत्रिम तुरे लावा म्हणून सांगतात. उपाय अशक्य नाही. ‘माराबू’ नावाची शोभेची मऊ पिसे एके काळी त्या नावाच्या करकोच्याची असत. आज बाजारात त्याच नावाने पाळीव टर्कीची पिसे मिळतात आणि शोभेत काही उणे पडत नाही.

मुंबई, पुणे, नागपूरच्या बंगाली मंडळांतही पूजेला ढाकी येतात. ठरवतानाच ‘तुरा कागदाचा किंवा कापडाचा असला तरी चालेल, बिदागी तीच’ असा शब्द मंडळाने दिला, तर तो गावाकडूनच तसा तुरा लावून येईल. देवीचा गजर ढाकाच्या कातड्यातून आणि ढाक्याच्या मनगटातून निघतो. तुऱ्याचा त्यात काही वाटा नाही.