निजलेले जनुक

इयत्ता आठवीला हृदय शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो, हृदय म्हणजे पंप. हे खोटे नाही, पण अपुरे आहे.

१९८१ साली कॅनडातील किंग्स्टन येथे अडोल्फो डी बोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा, म्हणजे अलिंदांचा, अर्क काढून दुसऱ्या उंदरांना टोचला. थोड्याच वेळात त्यांची लघवी दहा पटींनी वाढली, आणि तिच्यातून बाहेर पडणारे सोडियम तीस पटींहून अधिक! खालच्या कप्प्यांच्या, म्हणजे निलयांच्या, अर्काने असे काही झाले नाही. अलिंदात एक संप्रेरक तयार होते, ते मूत्रपिंडाला मीठ-पाणी बाहेर टाकायला लावते आणि रक्तवाहिन्या सैल करते, हे पुढे स्पष्ट झाले. त्याचे नाव एएनपी.

आता निलयांकडे वळू. बाळ पोटात असते तेव्हा एएनपीचे जनुक निलयांतही काम करते. जन्मानंतर तिथे ते जवळजवळ गप्प होते. जपानमध्ये क्योटो येथे १९६३ साली ओकामोतो आणि आओकी यांनी उपजत रक्तदाबाच्या उंदरांची एक जात तयार केली. या उंदरांचा दाब वयाबरोबर आपोआप चढत जातो. त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता ढकलता डाव्या निलयाची भिंत जाड होते. पेशी संख्येने फारशा वाढत नाहीत, असलेल्याच फुगतात. आणि या जाड भिंतीत ते निजलेले जनुक पुन्हा जागे होते. जन्माआधीचा धडा हृदय पुन्हा गिरवू लागते म्हणा ना.

हे जागे होणे उपकाराचेच आहे. १९९५ साली ज्या उंदरांतून हे जनुकच काढून टाकले होते, त्यांचा दाब नेहमीच्या मिठाच्या खाण्यावरही चढलेला निघाला. पण केवळ संप्रेरकावर भागत नाही. क्योटोच्या उंदरांत ते वाढूनही दाब उतरत नाही. औषधाने दाब उतरवला आणि भिंतीची जाडी कमी झाली, की निलयातले जनुकही पुन्हा मंदावते.

हे सारे आठवायला निमित्त आमच्या खाला. लोणचे-पापडावाचून त्यांचा घास उतरत नाही, आणि दोन महिन्यांपूर्वी त्यांनी गोळ्या आपल्या मनाने बंद केल्या. "डोकं दुखत नाही, चक्कर नाही, मग गोळी कशाला?" आम्ही त्यांना उंदरांची हकीकत सांगितली. आधी हसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मला तकलीफ नाही, पण दिल मेहनत करून राहिलंय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना दवाखान्यात नेले. दाब १७०/१०० निघाला. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. लोणच्याची बरणी सध्या आमच्याकडे आहे.