आवड सांगण्याचा अधिकार

स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मी कपाटातील जुन्या वह्या चाळत बसलो होतो. आपल्या विद्यालयात नववीच्या मुलामुलींना वाचन-वही ठेवावी लागते, हे माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणात असेलच. वाचलेले पुस्तक, पाहिलेले नाटक किंवा सभागृहात रविवारी दाखविलेला चित्रपट, यांविषयी आठवड्याला एक पान लिहावयाचे, असा तो नेम. वर्ष संपले की मुले आपापल्या वह्या घरी नेतात. काही मागे राहतात. अशीच मागे राहिलेली एक वही मी जपून ठेवली आहे. ती जपण्याचे कारण अभिमानाचे नाही, हे आरंभीच सांगतो.

त्या वहीच्या पहिल्या काही पानांत एक खरा वाचक दिसतो. त्याला भुताच्या गोष्टी आवडतात. का आवडतात, तर वसतिगृहात दिवे मालवल्यावर गोष्ट सुरू झाली की सगळ्यांच्या वळकट्या हळूहळू एकमेकांजवळ सरकतात आणि कुणालाच एकटे वाटत नाही, म्हणून. पुढच्या पानावर बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’विषयी लिहिले आहे. ‘सुजाता इतकी चांगली का वागते? तिला एकदा तरी राग यायला हवा होता. आईला रक्त दिले म्हणून आईने तिला आपली मानले. रक्त जुळले नसते तर?’

त्यानंतरचे पान एका दलित आत्मकथनाचे आहे. त्याने लिहिले होते, ‘हे पुस्तक मला पुरे वाचवले नाही. यातले पुष्कळ माझी आजी मला सांगत असते. मी अजून समुद्र पाहिलेला नाही. मला समुद्रावरच्या माणसाची गोष्ट हवी आहे.’

या पानाखाली तांबड्या शाईत माझा शेरा आहे: ‘आपला इतिहास विसरू नकोस. पुस्तक पुन्हा वाच.’

पुढच्या पानापासून वही बदलते. अक्षर सुधारले आहे, समास नीट सोडला आहे आणि प्रत्येक पुस्तक ‘प्रेरणादायी’, प्रत्येक नाटक ‘हृदयस्पर्शी’, प्रत्येक चित्रपट ‘समाजाला दिशा देणारा’ झाला आहे. भुते गेली, समुद्र गेला. त्या वेळी मला या बदलाचा आनंद झाला होता, हे आज लिहिताना संकोच वाटतो. पुढे माजी विद्यार्थ्यांच्या एका मेळाव्यात तो भेटला. वाकून नमस्कार केला आणि अगदी सहज म्हणाला, “सर, त्या शेऱ्यानंतर मी तुम्हाला आवडेल तेच लिहीत गेलो. गुणही चांगले मिळाले.” त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते वाक्य मला अधिक लागले.

मुलाची आवड ही क्षुल्लक गोष्ट आहे, असे आपल्याकडे मानले जाते. परीक्षा, नोकरी, आरक्षण, शिष्यवृत्ती या प्रश्नांपुढे कुणाला कोणता चित्रपट आवडतो याला काय महत्त्व, असे पालकही विचारतात. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला हे पटत नाही. आपल्या पूर्वजांनी काय खावे, कोणते वस्त्र ल्यावे, मुलांची नावे कोणती ठेवावीत, हे दुसऱ्यांनी ठरविले. निवड करण्याचा अधिकार ज्याच्याकडून काढून घेतला जातो, त्याचे माणूसपणच नाकारले जाते. तेव्हा चौदा वर्षांचे मूल ‘मला हे आवडले नाही’ असे लिहिते, त्या वेळी ते आपल्या आजोबांना जे करता आले नाही ते करीत असते.

आणि आवड ही सत्तेचीही गोष्ट आहे. जोतीराव फुले यांनी 1855 साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले. कमिटीने ते नाकारले. कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे जोतीरावांनी पुढे ‘गुलामगिरी’त नमूद करून ठेवले आहे. शेतकऱ्याला लुबाडणारा जोशी आणि शिक्षणाने डोळे उघडणारे जोडपे दाखविणारे हे नाटक शंभराहून अधिक वर्षे छापलेच गेले नाही. कमिटीवर बसलेल्या काही जणांची आवड ही सर्वांची अभिरुची ठरली आणि एका नाटकाचा प्रेक्षक त्याच्यापासून तोडला गेला.

त्याच 1855 साली फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीचा, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. वेद जर केवळ ब्राह्मणांचे, तर आमचा धर्म कोणता, असा सरळ प्रश्न त्या शाळकरी मुलीने विचारला. मी अनेकदा मनाशी म्हणतो, तिच्या शिक्षकांनी त्या निबंधाखाली ‘असे लिहू नये’ असा शेरा मारला असता तर? त्यांनी तसे केले नाही, म्हणून आज आपण तिचे नाव घेतो. माझ्या तांबड्या शाईने किती मुक्ता गप्प केल्या असतील, याचा हिशेब माझ्यापाशी नाही.

येथे एक आक्षेप मला ऐकू येतो आणि तो रास्त आहे. आपली पुस्तके आपल्या मुलांनी वाचली नाहीत तर कोणी वाचावीत? बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ 1963 साली आला, नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ 1972 साली, दया पवारांचे ‘बलुतं’ 1978 साली, बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ 1986 साली. हे सारे मोठ्या किमतीने मिळालेले धन आहे आणि ते मुलांपर्यंत पोहोचविणे हे शाळेचे कर्तव्यच आहे. परंतु ही पुस्तके जन्माला आली कशी, तेही पाहावे. तत्कालीन साहित्याची जी रुची होती, तिला या लेखकांनी साफ नकार दिला. अमुक शब्द साहित्यात चालत नाही, अमुक वस्तीची कथा होत नाही, हे त्यांनी मानले नाही. ज्या ग्रंथांचा जन्म नकारातून झाला, त्यांच्यापुढे मुलांना केवळ हात जोडून उभे करणे हा त्या ग्रंथांचाच अवमान आहे. त्यांच्याशी भांडणारा वाचक त्यांना अधिक जवळचा वाटला असता, असे मला वाटते.

शिवाय आजीच्या तोंडून रोज जे ऐकले, तेच पुस्तकात भेटले म्हणून गुदमरणारे मूल आपला इतिहास विसरलेले नसते. ते इतिहासाने भरून गेलेले असते आणि त्याला थोडी हवा हवी असते. त्या मुलाला मी त्याच दिवशी समुद्रावरची एक गोष्ट दिली असती, तर काही वर्षांनी तो आपणहून ‘बलुतं’कडे वळलाही असता. नसता वळला, तरी तो वाचक राहिला असता.

‘सुजाता’विषयीचा त्याचा प्रश्न तर मी तेव्हा वाचून सोडून दिला होता. हा चित्रपट 1959 सालचा. त्यातील अस्पृश्य मुलीला घराने स्वीकारावे, यासाठी तिला आधी सोसावे लागते, गप्प राहावे लागते आणि शेवटी रक्त द्यावे लागते. समतेसाठी पात्रता सिद्ध करण्याची अट का, हा सुधारकी कलेला विचारावयाचा मूलभूत प्रश्न आहे. तो नववीतल्या मुलाने तीन साध्या शब्दांत विचारला होता, ‘जुळले नसते तर?’

पुढे आम्ही मुलांना नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ दाखविला. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकावर येतो, तेव्हा सभागृह स्तब्ध झाले. सुजाताला जो राग आला नाही, तो येथे आला होता. मी चर्चेत तेच सांगू लागलो, तोच एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, “सर, जब्याच्या मनातले सगळे कळते. शालूच्या मनात काय आहे, ते कोणी विचारतच नाही.” या वेळी माझ्या हाती तांबडी शाई नव्हती. मी तिला म्हणालो, “बाळ, हे लिहून काढ.” तिचे पान भित्तिपत्रकावर लागले आणि त्याखाली मुलांनी दोन आठवडे वाद घातला. ‘फँड्री’ त्यामुळे लहान झाला नाही. ज्या कलाकृतीविषयी एवढे भांडता येते, ती मोठीच असते.

मग मुलांना जे आवडेल ते चांगले, असे माझे म्हणणे आहे काय? मुळीच नाही. मोबाईलच्या पडद्यावर बोट सरकवीत जे आवडते, ते बहुधा दुसऱ्या कोणीतरी विकण्यासाठी आवडते केलेले असते. म्हणून वाचन-वहीत आता एकच नियम ठेवला आहे: ‘आवडले’ किंवा ‘आवडले नाही’ यानंतर ‘कारण’ हा शब्द आला पाहिजे. कारण शोधताना आवड तपासली जाते आणि तपासलेली आवड म्हणजेच अभिरुची. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी जे सांगितले, ते याहून वेगळे नाही. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा आपला गुरू म्हणतो म्हणून स्वीकारू नका, स्वतः पारखून पाहा. त्या उपदेशात गुरूलाही सवलत नाही. मी मात्र वर्गात ती गुपचूप घेत आलो.

बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेतील एक प्रसंग आपण सर्वजण जाणतो. चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसणारा मुलगा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींच्या दृष्टीस पडला. त्यांनी त्याची चौकशी केली, त्याला पुस्तके दिली आणि तो मॅट्रिक झाल्यावर झालेल्या सत्कारात स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. मुलगा आपल्या आवडीने वाचीत होता. गुरुजींनी त्याच्या आवडीपुढे आणखी एक दार उघडले, त्यावर प्रश्नपत्रिका काढली नाही. पुढे त्याच मुलाने ग्रंथांसाठी दादरला राजगृह बांधले.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एक विनंती. दर जयंतीला आपण ग्रंथालयाला पुस्तके देता, त्याबद्दल विद्यालय ऋणी आहे. परंतु त्याच त्या चरित्रांच्या प्रतींनी एक कपाट भरले आहे. यंदा लहानपणी आपणांस स्वतःला जे पुस्तक आवडले होते, ते द्यावे. ते भुताचे असो, विज्ञानाचे असो वा विनोदाचे. स्नेहसंमेलनातील एक एकांकिका तरी मुलांनी स्वतः लिहिलेली असावी, आणि ती सदोष असली तरी पाहुण्यांनी ती शेवटपर्यंत बसून पाहावी. मिलिंद महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनीच म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ रंगमंचावर आणले होते, हे विसरू नये. आणि घरी आलेल्या मुलाला ‘किती गुण मिळाले?’ विचारून झाल्यावर, ‘सध्या काय वाचतोस, आवडले का, का आवडले नाही?’ एवढे विचारावे आणि उत्तर पुरते ऐकून घ्यावे.

ती जुनी वही मी मेळाव्यानंतर त्याला परत देऊ केली. त्याने पाने चाळली, तांबड्या शेऱ्यापाशी थांबला, हसला आणि म्हणाला, “राहू द्या सर, तुमच्याजवळच राहू द्या.” ती माझ्याजवळच आहे. नव्या वह्या तपासायला बसण्यापूर्वी मी ते पान एकदा उघडून पाहतो. आता मी निळ्या शाईने लिहितो आणि शेऱ्याच्या जागी बहुतेक वेळा एक प्रश्न असतो.

जय भीम.