मर्यादा दोन प्रकारच्या

अणदूरकरांना मर्यादा शिकवावी लागत नाही. आमचा खंडोबा एक, देवळे दोन! वर्षातले सव्वादहा महिने देव अणदुरात, पावणेदोन महिने नळदुर्गाजवळच्या मैलारपुरात. ही मुदत म्हणजे दिलेला शब्द. ती कोणी ओलांडीत नाही.

तेव्हा ‘मामा, कंपनीनं ८ जीबीच रॅम सांगितलीय, आपण १६ घालू या का?’ असे भाचीने विचारताच आमच्या मातोश्री कडाडल्या, ‘कंपनीपेक्षा तुम्ही शहाणे का रे?’

शंका रास्त होती. पण पोरीची अडचणही खरी होती. संगणकशास्त्राचा अभ्यास, आणि हाताशी २०११ सालचा, जुन्या बाजारातून घेतलेला थिंकपॅड एक्स-२२०! दोनचार कामे एकदम उघडली की बिचारा धापा टाकी. नवा घ्यावा, तर यंदा सोयाबीनने तिच्या वडिलांचा हात आखडलेला.

मग त्या आकड्याचीच झडती घेतली. या यंत्रात रॅमच्या पट्ट्यांना जागा दोन. ते बाजारात आले तेव्हा ४ जीबीची पट्टी सहज मिळे, ८ जीबीची मात्र दुर्मिळ नि महाग. चार नि चार आठ. तेच छापले गेले! पण रॅमचा कारभार पाहणारा भाग असतो प्रोसेसरच्या पोटात, आणि यातल्या आय-फाइव्ह प्रोसेसरची मर्यादा खुद्द इंटेलने १६ जीबी दिलेली आहे. पुढे ८-८ च्या पट्ट्या घालून कित्येकांनी हे यंत्र सुखाने चालवले.

याचा अर्थ सगळ्याच मर्यादा कागदी, असा मात्र नव्हे. ३२ बिटांच्या विंडोजला साधारण ४ जीबीपलीकडचे दिसत नाही. डीडीआर-थ्रीच्या जागेत डीडीआर-फोरची पट्टी बसतच नाही. आणि रॅम बोर्डावरच डाखलेली असेल, तर हात जोडावेत.

सोलापूरच्या दुकानदाराकडून ‘न चालल्यास परत घेईन’ हे आधी कबूल करून घेतले. बॅटरी काढली, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून धातूला हात लावला, तळाचे झाकण उघडले आणि पट्ट्या तिरप्या सरकवून खाली दाबल्या. पडद्यावर १६ चा आकडा उमटला. तरीही रात्रभर मेमटेस्ट लावून ठेवला. सकाळपर्यंत एकही चूक नाही.

वाचकहो, छापील आकड्याचा मान जरूर राखावा. मात्र तो कोणी, केव्हा आणि कशासाठी छापला, एवढे विचारायला पैसे पडत नाहीत. मातोश्रींचे मत अजून बदललेले नाही. भाचीचा प्रकल्प मात्र वेळेवर पुरा झाला!