वर्गाचा ताळा

बँकेत उभी हयात गेली. पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट पक्की कळली होती : रोकड जुळल्याशिवाय घरी जायचे नाही. चाळीस रुपये कमी असोत वा जास्त, शोध सारखाच. जास्त निघाले म्हणून कोणी पेढे वाटत नसे. कोणाला तरी कमी दिले गेले, एवढाच त्याचा अर्थ.

निवृत्तीनंतर कासारवाडीजवळच्या एका महाविद्यालयात एम. कॉम.च्या वर्गाला बँकिंग शिकवण्याचा योग आला. पहिला महिना मी खुशीत होतो. ‘समजलं का?’ म्हटले की माना डोलत. चाचणीत मात्र, हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की कर्ज अनुत्पादित ठरते, हे सर्वांनी घोकून लिहिले आणि ते दिवस कधीपासून मोजायचे, हे निम्म्या वर्गाला सांगता आले नाही. मी ते सांगितलेच नव्हते! मला ते इतके सवयीचे, की सांगायला हवे हेच सुचले नाही.

शेवटच्या बाकावर एक मुलगा झोपायचा. एकदा रागावलो. चाकणच्या कारखान्यात रात्रपाळी करून थेट वर्गात येत होता. म्हणाला, ‘सर, आमच्या गाडीचा हप्ता पाच तारखेला असतो. त्यावर सांगा ना.’ त्या रात्री वही काढली. काय शिकवले, हे त्यात लिहायचे नाही. माझा अंदाज आणि वर्ग कुठे जुळले नाहीत, तेवढेच लिहायचे. वर्ग फारच छान झाला, त्या दिवशी तर नक्की लिहायचे.

शाळेत शिकवायला डी.एल.एड. वा बी.एड. लागते. विद्यापीठात नेट, सेट वा पीएच.डी. असली की माणूस थेट फळ्यापुढे उभा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या योजनेतून १९८७ पासून प्राध्यापकांसाठी ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजे निघाली, ते चांगलेच झाले. पण काही आठवड्यांच्या प्रशिक्षणाने रोजचा ताळा लागत नाही. डोनाल्ड शॉन या अमेरिकी अभ्यासकाने १९८३ मध्ये आपल्या पुस्तकात हेच मांडले : काम करता करता आणि केल्यानंतर स्वतःच्या कामाकडे वळून पाहणे, हाही ज्ञानाचाच भाग.

मात्र एकट्याने पाहण्यात फसगत असते. बँकेची तिजोरी दोन किल्ल्यांशिवाय उघडत नाही. नव्या प्राध्यापकाच्या वर्गात एखाद्या सहकाऱ्याने महिन्यातून एकदा मागे बसावे, आणि त्याच्याही वर्गात याने. ही वही बढतीच्या फायलीत मात्र कधीही जाऊ नये. साहेबांना दाखवायची म्हटली, की तिच्यात चूक उरत नाही, गुणच उरतात.

शेजारची मुलगी तासिका तत्त्वावर दोन महाविद्यालयांत शिकवते, एक पिंपरीत, दुसरे शिवाजीनगरला. तिला हे सांगितले तर हसली. ‘काका, पैसे तासाचे मिळतात, विचार करायचे नाहीत. मेट्रोत उभ्यानं लिहू का?’ मला उत्तर सुचले नाही. प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवून नव्या शिक्षकाकडून आत्मपरीक्षण मागणे, हा शुद्ध कांगावा आहे. तासाबरोबर त्यामागच्या अर्ध्या तासाचेही पैसे द्यावेत.

परवा ती स्टेशनच्या जिन्यावर भेटली. ‘एकच ओळ लिहिते,’ म्हणाली. ‘आज कोण बोललं नाही, तेवढीच.’ पंधरा दिवसांत एकाच मुलीचे नाव नऊ वेळा आले होते. तिच्याशी काय बोलावे, हे तिला माझ्याकडून हवे होते. मी म्हटले, ‘आधी तिच्या शेजारी जाऊन बस.’