आटे बसले म्हणजे सेन्सर जुळला असं नाही

१ जून ते ३१ जुलै, बंदीचे ६१ दिवस. बोटी जेटीला, इंजिनं खोललेली. कम्प्युटरवर चालणाऱ्या डिझेल इंजिनाचा मूळ कम्प्युटर जळाला की काही जण बाहेरचा बसवून घेतात. त्यात मला काही गैर वाटत नाही. माझं भांडण सेन्सरवरून आहे.

मिळेल तो सेन्सर आणला, आटे बसले, प्लग बसला, स्क्रीनवर आकडा आला. मिस्त्री म्हणतो, "झालं काम!" आपण पैसे देतो. इथेच फसतो.

सेन्सर आकडा पाठवत नाही, नुसता व्होल्टेज पाठवतो. त्याचा अर्थ कम्प्युटर आपल्याकडच्या तक्त्यावरून लावतो. तक्ता दुसऱ्याच सेन्सरचा असला तर आकडा खोटा.

ऑइल प्रेशरचंच घ्या. ५ बारचा आणि १० बारचा, दोन्ही सेन्सर ०.५ ते ४.५ व्होल्टचे मिळतात, दिसायलाही सारखे. कम्प्युटरमध्ये १० बार भरलेलं आणि बसवला ५ बारचा, तर खरं प्रेशर १ बार असताना स्क्रीनवर २ दिसणार. अलार्म दीडवर लावला असेल तर तो वाजणारच नाही. बेअरिंग जाईपर्यंत तांडेलाला पत्ता नाही.

पाण्याच्या टेम्परेचरचंही तेच. २० अंशांना एका प्रकारच्या सेन्सरचा रेझिस्टन्स सुमारे २,५०० ओहम, दुसऱ्याचा सुमारे ३,५००. पण १०० अंशांना दोघेही १८० च्या आसपास! म्हणून नुसत्या उकळत्या पाण्यात बघून भागत नाही, गार पाण्यातही मल्टिमीटर लावा. शिवाय खाऱ्या हवेनं प्लगला हिरवा गंज धरला की रेझिस्टन्स वाढतो आणि तापलेलं इंजिन थंड दिसतं.

काही जण म्हणतील, एवढं कोण बघत बसणार? अहो, १ ऑगस्टला आपण बाहेर पडतो तेव्हा दर्या शांत नसतो. नदीच्या तोंडावर रेतीच्या पट्ट्यावर लाटा फुटत असताना इंजिन बसलं, तर प्रश्न इंजिनाच्या खर्चाचा राहत नाही, खलाशांच्या जिवाचा होतो.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या सेन्सरचा तक्ता नाही, तो घेऊच नका. कम्प्युटरमध्ये काय भरलं ते मिस्त्रीकडून लिहून घ्या. पैसे चुकते करण्याआधी इंजिन चालू करून साधा काट्याचा प्रेशर गेज लावा आणि स्क्रीनशी ताडून बघा. आपल्या संस्थेनेही प्रत्येक बोटीच्या सेन्सरची नोंदवही ठेवावी. मिस्त्री बदलला, गावाला गेला, तरी माहिती आपल्याकडे राहील.

मिस्त्रीवर विश्वास जरूर ठेवा. पण बोटीवर तो नसतो, आपली पोरं असतात.